नाकावरची माशी

आमच्या चित्रशाळेत चौदा टेबलं होती आणि चौदा खुर्च्या, पण लोक घरी जाऊन ज्या खुर्चीच्या गोष्टी सांगत ती एकच, रागोबांची. तिचा एक पाय आखूड होता. नऊ वर्षं रागोबा तिच्यावर बसत होते, नऊ वर्षं ती डुगडुगत होती, आणि नऊ वर्षं ते तिला रोज सकाळी झापत होते. कागदाची घडी करून पायाखाली सारली असती तर प्रश्न तिथल्या तिथे मिटला असता. पण घडी सारणं म्हणजे खुर्चीपुढे हार मानणं. ते तिला नीट उभी राहा म्हणायचे, ती ऐकायची नाही, आणि मग कामाला सुरुवात व्हायची.

रागोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते आमचे तपासनीस. आम्ही हलत्या चित्रांचे विनोदी पट काढायचो. थिएटरात मोठा सिनेमा सुरू होण्याआधी दाखवतात ना, सहा-सहा मिनिटांचे, तसले. लोकांना सहा मिनिटं हसवायला चार हजारांवर चित्रं हातानं काढावी लागत, आणि त्यातलं एकेक रागोबांच्या टेबलावरून जायचं. प्रत्येक पात्राचा एक नमुन्याचा कागद असतो. समोरून चेहरा कसा, बाजूनं कसा, रागात कसा, हसताना कसा. तो समोर टांगून रागोबा प्रत्येक चित्र त्याच्याशी ताडून बघत. आधीच्या चित्रात कोटाला तीन बटणं आणि पुढच्यात दोन निघाली की त्यांचा पारा चढायचा. मग लाल पेन्सिल, समासात मुंगीएवढं अक्षर, आणि चित्र परत. त्यांची लाल सही झाल्याशिवाय चित्र कॅमेऱ्याखाली जाणार नाही, असा मालकांचा नियमच होता.

त्यांना रागवायला कारण लागायचं नाही, निमित्त पुरायचं. पेन्सिलीचं टोक मोडलं की ते पेन्सिलीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एकदा छत्री उघडेना म्हणून त्यांनी ती दुसऱ्या मजल्यावरून खाली फेकली. पडता पडता ती उघडली, तेव्हा तर ते जास्तच भडकले. जिन्याचं दार फुगून अडकायचं, तर त्या दाराशी अबोला धरून दोन महिने ते मागच्या लोखंडी जिन्यानं येत-जात होते. राजीनामा चार वेळा दिला. मालक तो खणात ठेवत आणि संध्याकाळी जाताना परत देत. चौथ्यांदा दिला तोही पहिलाच कागद होता, फक्त तारीख खोडून नवी घातलेली.

माझा स्वभाव शांत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक मागाहून काहीबाही बोलतात.

बारा वर्षं मी त्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसत होतो. दुसऱ्यांनी जन्माला घातलेली पात्रं चालवायची, पळवायची, जिन्यावरून गडगडत खाली आणायची, हे माझं काम. पाडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पण पडद्यावर सुरुवातीला नावांची पाटी येते, तिच्यावर माझं नाव कधी आलं नाही. शेवटी ‘आणि इतर’ असं असायचं, त्या इतरांत मी. माझी मुलगी वाचायला शिकली तेव्हा तिनं पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला विचारलं की यात तुम्ही कुठे आहात. मी म्हणालो, इतर. तिनं विचारलं, इतर म्हणजे कोण. दुसऱ्या दिवशी मी तडक मालकांकडे गेलो.

मालक माणूस बरा होता. एक पट मला एकट्याला देऊ म्हणाले, गोष्टही माझी, चित्रंही माझी, आणि पाटीवर नावही माझं एकट्याचं. अट एकच, रागोबांची सही. त्यांनी नापास केलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी घरी सांगितलं आणि मुलीनं दुसऱ्याच दिवशी आख्ख्या वर्गाला सांगून टाकलं. म्हणजे आता परतीची वाट बंद झाली.

गोष्ट कशावर करायची, हा प्रश्नच नव्हता. माझी चित्रं रागोबांनी सगळ्यांत जास्त परत पाठवली होती, एकदा तर एका दिवसात एकसष्ट. त्या एकसष्ट चित्रांचा हिशोब माझ्या डोक्यात बसला होता. तुम्ही म्हणाल, इतकं मनात धरू नये. तुमची एकसष्ट परत आली की मग मला शिकवा.

नाकावर माशी बसू देत नाही, असं आपण म्हणतो ना? मी खरंच एक माशी काढली. एक गृहस्थ सकाळी न्याहारीला बसतात, माशी येऊन त्यांच्या नाकावर बसते. ते तिला हातानं हाकलतात, मग वर्तमानपत्रानं, मग झाडूनं, मग खुर्चीनं. कपाट पडतं, भिंत पडते, छप्पर खाली येतं. शेवटी गृहस्थ विटांच्या ढिगावर बसलेले असतात आणि माशी नाकावर. पटाचं नावही तेच ठेवलं.

रागोबा काडीसारखे, म्हणून माझे गृहस्थ मी भोपळ्यासारखे काढले. त्यांना मिशी होती, ह्यांना ठेवली नाही. पण मान पुढे काढून चालणं त्यांचं, चिडले की चष्मा कपाळावर ढकलणं त्यांचं आणि निर्जीव वस्तूंशी भांडणंही त्यांचंच. आतल्या खोलीत चित्रं रंगवणाऱ्या बायका बसत. त्यांना मी नमुन्याचा कागद नेऊन दाखवला, तर हसता हसता एकीच्या हातातली रंगाची वाटी कलंडली. सगळ्या चित्रशाळेला ठाऊक झालं. धोका एवढाच होता की हे रागोबांच्या लक्षात आलं तर सही गेली, नाव गेलं, आणि मुलीच्या लेखी मी जन्मभर इतर.

अभ्यास म्हणून एका रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन आलो. काही कागद द्यायचं निमित्त केलं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. रागोबांनी चहा कपांत ओतला आणि साखरेच्या बरणीचं झाकण निघेना. मग काय, मला मेजवानीच मिळाली. रागोबांनी झाकणाला समजावलं, दरडावलं, बरणी काखेत धरून खोलीभर नाचले. बहीण विणत बसली होती. मधेच तिनं एका हातानं त्यांचा चहाचा कप त्यांच्या अगदी हाताशी सरकवून ठेवला. ते दमल्यावर तिनं वर न बघता विचारलं, "झालं का?" ते म्हणाले, झालं. तिनं बरणी घेतली, झाकण उघडलं, आणि दोघंही हसायला लागली. मी झाकणाचा प्रसंग डोक्यात टिपून घेतला. कपाचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर हातभर आरसा असतो. पात्र रडणार असेल तर आधी आपण रडायचं, आरशात बघायचं, आणि मग काढायचं. नवीन माणूस खोलीत आला तर त्याला वाटावं की वेड्यांच्या इस्पितळात आलो, कारण डझनभर माणसं आपापल्या आरशाला वेडावून दाखवत असतात. मी दिवसभर आरशापुढे चिडत बसायचो. राग मला मुद्दाम आणावा लागतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. तो चटकन यायचा, पण तो सरावाचा भाग झाला.

घरीही काम डोक्यात असायचंच. त्याच सुमारास एका सकाळी शर्टाचं बटण तुटलेलं निघालं. मी बायकोला शांतपणे विचारलं की ह्या घरात एक बटण धड जागेवर राहू शकत नाही का. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली, ती वाऱ्यामुळे. टेबलावरच्या बशा खाली पडल्या. म्हणजे टेबलावरचं कापड माझ्या हातात आलं आणि बशा त्याच्यावर होत्या, त्याला मी काय करणार? मुलगी तिथेच चित्र रंगवत होती, पण तिनं आपली रंगाची पेटी त्याआधीच उचलून पोटाशी धरली होती. पोरगी फार नीटनेटकी. मी तोंड उघडायच्या आत तिच्या वस्तू आवरलेल्या असतात. माझ्यावर गेली आहे, असं मी बायकोला नेहमी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या गृहस्थांना टेबलावरचं कापड ओढायला लावलं. कल्पना कुठून सुचतात ते सांगता येत नाही.

पहिली शंभर चित्रं तपासणीला गेली आणि शंभरच्या शंभर परत आली. प्रत्येकावर लाल अक्षरात एकच शब्द होता, भुवई. मी कागद घेऊन उठणार तेवढ्यात रागोबाच मान पुढे काढून माझ्या टेबलाशी आले. सगळी खोली कान टवकारून बसली.

"नमुन्यात दोन्ही भुवया एकदम वर जातात," ते म्हणाले. "तुमच्या प्रत्येक कागदावर एकच भुवई आधी वर जाते. आणि खालचा ओठ एका बाजूनं चावलेला आहे. हे कुठून आलं?"

मी म्हणालो, राग आल्यावर माणसाचं असंच होतं.

"सगळ्यांचं नाही होत," ते म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आरशाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. ओळखलं ह्यांनी, आता होतो भडका, असं वाटलं. पण त्यांनी आवाज चढवला नाही. "हा माणूस आहे कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मनातला आहे."

ते बरं म्हणाले आणि नमुन्याचा कागद काढून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या टेबलावर तो कागद होता. रागोबांनी रागावलेल्या चेहऱ्यावर लाल पेन्सिलीनं एक भुवई वर केली होती, ओठ चावलेला काढला होता, आणि खाली सही केली होती. चित्रं बदलायला नकोत, नमुनाच चुकला होता, तो आता सुधारला आहे, असं त्यांनी मालकांना सांगितलं. कागद फायलीत गेला आणि माझी चित्रं भराभर कॅमेऱ्याखाली जाऊ लागली.

मी आतल्या खोलीत जाऊन बायकांना बातमी दिली की गाढवानं स्वतःच्याच चित्रावर सही केली. सगळ्या पोट धरून हसल्या. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी तेवढी हसली नाही. गृहस्थांच्या चेहऱ्यात रंग भरता भरता तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि चष्मा तर त्यांचाच आहे, एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला, पण वयाकडे बघून सोडून दिलं.

पट रविवारी दुपारच्या खेळाला लागला. मी बायको-मुलीला घेऊन गेलो. आमच्या पुढे दोन रांगा सोडून रागोबा आणि त्यांची बहीण बसली होती. मी मुद्दामच त्यांच्या मागची जागा धरली होती, त्यांच्या पाठीवरून त्यांची फजिती बघायला मिळावी म्हणून. मुलीला सरबताची बाटली घेऊन दिली होती, ती तिनं खुर्चीच्या हातावर नीट ठेवली.

अंधार झाला आणि पडदाभर माझं नाव आलं. एकट्याचं. मुलीनं ते एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांचं चीज झालं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

मग गृहस्थ न्याहारीला बसले. माशी आली, नाकावर बसली. गृहस्थांची एक भुवई वर गेली. मुलीनं खुर्चीच्या हातावरची बाटली उचलून पोटाशी धरली. पडद्यावर वर्तमानपत्राचा तडाखा बसला, चहाचं भांडं उडालं, थिएटर हसलं. भुवई खाली आली तेव्हा मुलीनं बाटली परत जागेवर ठेवली. माझं अर्धं लक्ष रागोबांच्या पाठीकडे होतं. पुन्हा भुवई वर गेली, पुन्हा बाटली पोटाशी. झाडू फिरला, कपाट कोसळलं, लोक हसले, बाटली जागेवर. तिसऱ्यांदा मी पडद्याकडे आणि रागोबांकडे बघणं सोडून मुलीकडेच बघत राहिलो. भुवई आणि तडाखा यांच्यामध्ये मी अठरा चित्रं ठेवली होती, म्हणजे दीड सेकंद. त्या दीड सेकंदात पुढे काय होणार हे आख्ख्या थिएटरात कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर मागाहून हसू येतं. तिला माहीत होतं. ती हसतही नव्हती. कापड ओढायच्या प्रसंगाला तिनं पायसुद्धा वर घेतले.

पुढे रागोबा गदागदा हलत होते. मला वाटलं, आला राग. पण ते हसत होते. चष्मा कपाळावर ढकलून डोळे पुसत होते, आणि बहीण पडद्याकडे बोट दाखवून त्यांना कोपरानं ढोसत होती.

मी बायकोच्या कानाशी वाकलो. पोरगी घाबरली असेल तर तिला सांग, ते रागोबा आहेत, ते काय पुढे बसलेत, असं म्हणालो.

बायकोनं पडद्यावरची नजर काढली नाही. "रागोबांना ती कुठे ओळखते?" ती म्हणाली. "ती भुवई ओळखते."

पुढचा मोठा सिनेमा कसला होता ते मला आठवत नाही. बाहेर पडताना लोक माझं अभिनंदन करत होते. रागोबा दाराशी होते. ते दार आत ओढायचं होतं आणि ते बाहेर ढकलत होते, आणि दाराला दोन शब्द सुनावत होते. बहीण शेजारी उभी राहून झालं का म्हणून वाट बघत होती. मी त्यांना चुकवून दुसऱ्या दारानं निघालो.

सोमवारी कुणी यायच्या आत मी चित्रशाळेत गेलो आणि ती फाईल काढली. सही झालेला नमुन्याचा कागद मी मालकांच्या टेबलावर लांबूनच पाहिला होता, हातात कधी घेतला नव्हता. जिंकल्यावर कोण वाचत बसतं? सहीच्या वर मुंगीएवढ्या लाल अक्षरात लिहिलं होतं: चष्मा, मान, चाल माझी. भुवई, ओठ आणि राग चित्रकाराचा. माझी हरकत नाही.

तेवढ्यात रागोबा आले. खुर्चीला दोन शिव्या हासडून बसले. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि हे मला सांगितलं का नाही म्हणून विचारलं. माझा आवाज चढला होता, ते माझ्या कानांना ऐकू आलं.

"विचारलं होतं की," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, मनातला आहे."

आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले. टोक मोडलं. त्यांनी पेन्सिलीला जे काही म्हणायचं ते म्हटलं. मला नाही म्हटलं. नऊ वर्षांत ते मला, किंवा दुसऱ्या कुणाला, कधी काही म्हणाले होते का, हे मी उभ्या उभ्या आठवून पाहिलं. खुर्ची, छत्री, दार, पेन्सिली, बरणी. माणूस एकही आठवेना. मी स्वतः चिडून ज्यांना बोललो होतो, त्या यादीत वस्तू एकही नव्हती.

संध्याकाळी घरी टेबलावर मी नव्या पटाची चित्रं घेऊन बसलो होतो. समोर मुलगी रंगवत होती. तिच्या कोपराचा धक्का लागून ब्रश धुवायची वाटी कलंडली आणि गढूळ पाणी माझ्या कागदांवर पसरलं. मी काहीच बोललो नव्हतो. पण तिनं पेटी उचलून पोटाशी घेतली, आणि स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली.

मी बोट लावून बघितलं. भुवई वर होती. मी ती खाली दाबली आणि तशीच धरून बसलो. बोट काढलं की वर जाईल अशी भीती होती. दिवसभराचं काम समोर भिजत होतं. माझा अवतार बघण्यासारखा झाला असणार, पण कुणी हसलं नाही.

मुलीनं आधी बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पेटी टेबलावर ठेवली, माझा हात पोचणार नाही अशा टोकाला.